टिटवी आणि माळढोक

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात लोणी भापकर हे जुने गाव आहे. हा सारा पट्टा अवर्षणाचा. शेते संपली, की मुरूम, खुरटे गवत आणि तुरळक बाभळी यांचा माळ सुरू होतो. अशा माळावर पाऊल टाकताच कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागते, ती टिटवी. तिची अंडी तेथेच कोठेतरी उघड्यावर असतात.

टिटवी घरटे बांधीत नाही. जमिनीतल्या उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग मातीसारखा व वर काळे ठिपके. म्हणून ती पायाशी असूनही दिसत नाहीत. कडक उन्हात नर व मादी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड राखतात. टिटवीचे ओरडणे काही लोक अशुभ मानतात. ती बिचारी केवळ पिलांना सावध करीत असते!

माळढोकही दख्खनच्या माळांवरचाच आणि भुईवरच अंडी घालणारा; परंतु त्याचे कूळ अगदी निराळे. टिटवी पाणथळीतल्या पाणलाव्याची दूरची आप्त, तर माळढोक तणमोराचा. माळढोकाचा नर सुमारे १ मीटर उंच असून त्याचे वजन १५ किलोपर्यंत भरते. मादी बहुधा एकच अंडे घालते व एकटीच उबवते. ते कुत्र्याने खाल्ले, की सारेच संपले.

टिटवीला नांगरलेले शेत चालते, तळ्याचा काठही चालतो. माळढोकाला मात्र विस्तीर्ण, निवांत गवताळ माळ हवा. असे माळ ‘पडीक’ समजून नांगरले गेले. १९७२ च्या कायद्यापूर्वी शिकारही फार झाली. पुढे विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि जड शरीर चटकन वळत नाही.

सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले; आता तेथेही तो क्वचितच दिसतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत टिटवीविषयी चिंता नाही. माळढोक मात्र २०११ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. उरलेल्यांपैकी बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. तेथे २०१९ पासून माळावरची काही अंडी उचलून यंत्रात उबवली जातात. त्यांतून निघालेल्या माद्या मोठ्या होऊन आता स्वतः अंडी घालू लागल्या आहेत.