शाळेचं दार सर्वांसाठी

बहुभाषी शहर : मीरा-भाईंदर महापालिका २००२ साली स्थापन झाली. तिच्या शाळांत मराठीसोबत हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमांतही शिक्षण मिळतं.

घराजवळ शाळा : राज्याच्या २०११च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किमी, तर सहावी ते आठवीसाठी ३ किमीच्या आत शाळा हवी.

कागद अपुरे तरी प्रवेश : वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांना याचा मोठा आधार.

२५ टक्के जागा : वंचित व दुर्बल घटकांसाठी खासगी शाळांतल्या या राखीव जागांना कात्री लावणारी राज्याची २०२४ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली.

दिव्यांग मुलं : २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा जवळची की विशेष, ही निवड त्याची.

रॅम्प मोजा : चढाचं प्रमाण १:१२ हवं. म्हणजे १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी. त्याहून आखूड रॅम्पवर व्हीलचेअर चढवताना दमछाक होते.