बंदर हटलं, देवस्थान उरलं

इझमीरच्या केमेराल्टी बाजारात मुख्य रस्ता सरळ जातच नाही. अनाफार्तालार नावाचा हा रस्ता अर्धवर्तुळात वळत राहतो आणि नवखा माणूस दहा मिनिटांत दिशा हरवून बसतो. आज जिथे दागिने, लग्नाचे कपडे, सुके अंजीर आणि ऑलिव्हचा साबण विकला जातो तिथे एकेकाळी पाणी होतं, आणि हा रस्ता म्हणजे त्या आतल्या बंदराचा काठ. 1402 मध्ये तैमूरलंगाने शहर जिंकताना बंदराच्या तोंडाशी दगड टाकवले. उरलेलं काम गाळाने आणि माणसांनी पुरं केलं. पुढे भरावावर दुकानं आणि सराया उभ्या राहिल्या. आता लोक संध्याकाळी ज्या कोर्दोनवर पाय मोकळे करतात तो समुद्रकाठही 1867 ते 1876 या काळात एका फ्रेंच कंपनीने भराव टाकून बांधलेला धक्का आहे.

तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्याविषयी वाचताना क्रीसस, अलेक्झांडर, सेंट पॉल, सुलतान अशी नावं समोर येतात. प्रत्यक्ष फिरताना मला वारंवार भेटला तो गाळ. इथल्या नद्या डोंगरातून माती आणतात आणि उथळ आखातात ओततात. दोनेक हजार वर्षांत त्यांनी इथल्या बंदरांचं काय केलं, हे समजल्याशिवाय इथल्या देवळांचं कोडं सुटत नाही.

इझमीर वाचलं, कारण तिथे नदीलाच हटवलं. गेदिझ नदी इझमीरच्या आखातात गाळ टाकत होती. आखाताचं अरुंद तोंड बुजलं असतं तर अंजीर-बेदाण्याच्या व्यापारावर पोसलेलं हे बंदर संपलंच असतं. 1886 मध्ये उस्मानी सरकारने नदीचं मुख वळवून पार पश्चिमेला, फोचाच्या बाजूला नेलं. तरी गाळाने आपला हिशेब पूर्ण सोडलेला नाही. आखाताच्या टोकाला बायराक्ली हा भाग आहे. होमरच्या काळाशी जोडलं जाणारं जुनं स्मिर्ना आणि तिथलं अथीनाचं देऊळ इथेच. ऑक्टोबर 2020 मध्ये सामोस बेटाजवळ भूकंप झाला आणि इझमीरमध्ये शंभराहून अधिक माणसं दगावली. सर्वाधिक पडझड याच बायराक्लीत झाली, कारण तिथल्या उंच इमारती नद्यांनी आणून टाकलेल्या मऊ जमिनीवर उभ्या होत्या.

शहरात जुन्या वास्तू शोधत फिरणाऱ्याची थोडी निराशा होते, आणि त्यामागे इतिहास आहे. सप्टेंबर 1922 मध्ये ग्रीक-तुर्क युद्धाच्या अखेरीस लागलेल्या आगीत ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या. धक्क्यावर अडकलेल्या हजारो लोकांना जहाजांतून नेण्यात आलं. जळक्या जमिनीवर 1936 मध्ये कुल्तुरपार्क नावाचं मोठं उद्यान झालं आणि इझमीरची जत्रावजा आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं तिथे भरू लागली. झाडी सुंदर आहे, पण तिच्याखाली काय आहे ते सांगणारं फारसं काही नजरेला पडत नाही. जे टिकलं ते खाण्यात टिकलं. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी आणलेलं बोयोझ हे पदर सुटणारं खारं पेस्ट्रीवजा प्रकरण सकाळी उकडलेल्या अंड्याबरोबर खातात. बाकी देश ज्याला सिमित म्हणतो त्या तिळाच्या कड्याला इथे गेवरेक म्हणायचं, नाहीतर दुकानदार लगेच ओळखतो की पाहुणा आहे.

इझमीरहून दक्षिणेला सेल्चुकपर्यंत आगगाडी जाते. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आतबाहेर. कुशादासीच्या बंदरात क्रूझ जहाजांतून उतरणारे प्रवासी सेल्चुकजवळचं एफेसस हे प्राचीन शहर दोन-तीन तासांत उरकतात: वरच्या दरवाजाने आत, उतारावरून खाली, सेल्सस ग्रंथालयासमोर फोटो, नाट्यगृह, बाहेर. मराठी बायबलातल्या इफिसकरांस पत्रातलं इफिस ते हेच. पण संगमरवराने दिपून जाण्याआधी सेल्चुक गावाच्या कडेच्या एका दलदलीत जावं. तिथे एक खांब उभा आहे. विसाव्या शतकात वेगवेगळ्या खांबांचे तुकडे एकावर एक रचून तो उभारलाय, त्यामुळे जरा वेडावाकडा दिसतो. माथ्यावर करकोच्यांचं घरटं, खाली पाणी, बेडूक, बदकं. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या आर्टेमिसच्या देवळाचं उरलेलं रूप इतकंच. बरेच जण चिडून परत फिरतात. मला मात्र पूर्ण एफेससमध्ये ही जागा सर्वांत बोलकी वाटते.

हे देऊळ दलदलीत मुद्दाम बांधलं होतं. मऊ जमीन भूकंपाचे हादरे गिळेल असा हिशेब होता आणि पायाखाली कोळसा व लोकरीची कातडी दाबून बसवली होती, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. खांबांची संख्या त्याने 127 दिली आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात लिडियाचा अतिश्रीमंत राजा क्रीसस याने खांबांसाठी पैसा ओतला. इ. स. पू. 356 मध्ये हेरोस्ट्राटस नावाच्या माणसाने केवळ नाव व्हावं म्हणून देऊळ पेटवलं. त्याचं नाव कोणी उच्चारू नये असा ठराव झाला, पण एका इतिहासकाराने ते लिहून ठेवलं आणि गुन्हेगाराचा हेतू साधला. देऊळ पुन्हा बांधलं गेलं. राजे आणि व्यापारी तिथे ठेवी ठेवत, म्हणजे ती एक भरवशाची पेढीही होती. शरण आलेल्याला अभय मिळे. मार्क अँटनीने अभयाची हद्द वाढवून शहराचा काही भाग तिच्यात घेतला, तेव्हा तिथे चोरांचा सुळसुळाट झाला आणि ऑगस्टसला ती सवलत रद्द करावी लागली. अभय देणाऱ्या त्याच अँटनीने क्लिओपात्राच्या सांगण्यावरून तिची बहीण आर्सिनोई हिला इथेच ठार करवलं. एफेससमधल्या एका अष्टकोनी थडग्यातली कवटी तिची असावी असं अनेक वर्षं सांगितलं जाई. 2025 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी ती एका मुलाची असल्याचं दाखवलं, पण वाटाडे अजून क्लिओपात्राचं नाव सोडत नाहीत.

तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी देऊळ लुटलं, नंतर लोकांनी दगड नेले आणि जवळच्या नदीच्या गाळाने बाकीचं झाकलं. इतकं झाकलं की देऊळ नेमकं कुठे होतं हेच विसरलं गेलं. ते शोधलं जॉन टर्टल वुड या इंग्रजाने. तो इझमीर-आयदिन रेल्वेच्या स्थानकांची बांधणी करायला आलेला वास्तुविशारद. ब्रिटिश म्युझियमच्या पैशावर 1863 पासून तो खणत राहिला. धागा मिळाला तो नाट्यगृहात सापडलेल्या शिलालेखातून. इ. स. 104 मध्ये सालुटारिस नावाच्या धनिकाने देवीच्या उत्सवासाठी देणगी दिली होती. सोन्यारुप्याच्या मूर्ती देवळातून निघून कोणत्या वेशीतून शहरात येतील, नाट्यगृहात कशा मांडल्या जातील आणि कोणत्या वेशीने परततील, हा सगळा पालखीमार्ग त्यात कोरला होता. वुडने ती वेस शोधली, तिथून निघणारा रस्ता पकडला आणि 31 डिसेंबर 1869 रोजी जवळजवळ सहा मीटर गाळाखाली देवळाच्या फरशीला त्याचं खोरं टेकलं.

देवी मात्र वाचली होती. सेल्चुकच्या संग्रहालयात तिच्या दोन मोठ्या संगमरवरी मूर्ती आहेत. 1956 मध्ये नगरसभेच्या इमारतीत त्या पुरलेल्या सापडल्या. त्यांपैकी ‘सुंदर आर्टेमिस’समोर जरा वेळ थांबावं. गळ्याभोवती राशींची चिन्हं, दंडांवर सिंह, घागऱ्यावर चौकटी-चौकटींतून बैल, मधमाश्या आणि पंखवाले प्राणी. छातीवर लोंबणाऱ्या गोल आकारांच्या रांगा आहेत. जुने लेखक त्यांना स्तन म्हणत, पण एकालाही बोंड नाही. बळी दिलेल्या बैलांची वृषणं असावीत असं काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते ते नुसते दागिने. ग्रीक कथांतली धनुष्य घेऊन रानात हिंडणारी तरुणी ही नव्हे. ही अनातोलियाची जुनी माता. ग्रीक वसाहतवाल्यांनी तिला आपल्या देवीचं नाव दिलं.

शहर मात्र देवीच्या पायाशी राहिलं नाही. अलेक्झांडरचा सरदार लायसिमाकस याने बंदर गाळात चाललंय हे ओळखून दोन टेकड्यांच्या मध्ये नवं शहर वसवलं. लोक जुनी घरं सोडेनात. तेव्हा मुसळधार पावसात त्याने गटारांची तोंडं बंद करवली आणि घरांत पाणी शिरल्यावर लोक मुकाट्याने हलले, असं स्ट्राबो लिहितो. आज आपण जे एफेसस बघतो ते या नव्या जागेवरचं, रोमन काळात बहरलेलं. पुढे पेर्गामोनच्या राजाने बंदराचं तोंड अरुंद केलं तर आतलं पाणी खोल राहील, या समजुतीने बांध घातला. परिणाम उलटा झाला. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर बाहेर जाणारा गाळ आतच अडकला. हेही स्ट्राबोच सांगतो. दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने नदीचं पाणी वळवायचे प्रयत्न केले. त्याच शतकातला एका रोमन अधिकाऱ्याचा हुकूम दगडावर आहे: धक्क्यावर लाकूडफाटा साठवू नये, दगड कापून त्याचा चुरा पाण्यात टाकू नये. हुकूम निघाला याचा अर्थ लोक ते सर्रास करत होते.

बंदरापासून नाट्यगृहापर्यंत जाणारा खांबांचा रस्ता, आर्काडियाने, अर्धा किलोमीटरहून लांब आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात तिथे रात्री दिवे लागत. नाट्यगृहाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून त्या रस्त्याच्या टोकाकडे बघितलं की हिरवी शेतं आणि वेताची बेटं दिसतात. समुद्र तिथून पाच-सहा किलोमीटर लांब गेलाय. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांनुसार, चांदीची छोटी देवळं विकणाऱ्या देमेत्रियसने कारागिरांना ख्रिस्ती धर्माचा प्रचार करणाऱ्या पॉलविरुद्ध चिथावलं आणि भडकलेला जमाव याच नाट्यगृहात घुसला. कारण धर्मापेक्षा धंद्याचं होतं आणि देमेत्रियसने ते लपवलंही नाही. अखेर जिंकला तो नवा धर्म. क्युरेट्स रस्त्यावर सापडलेल्या एका लेखात देमेआस नावाचा माणूस अभिमानाने सांगतो की आपण आर्टेमिसची मूर्ती खाली पाडली आणि तिथे क्रूस उभारला. तरीही दोन मूर्ती पुरून टिकल्या. ज्याने कोणी त्या पुरल्या त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही.

सन 431 मध्ये बंदराजवळच्या मेरीच्या चर्चमध्ये बिशपांची परिषद भरली. मेरीला ‘देवमाता’ म्हणायचं की नाही यावर ती पेटली. नाही म्हणणारा कॉन्स्टँटिनोपलचा धर्माधिकारी नेस्टोरियस पदावरून गेला. पूर्वेकडच्या चर्चने हा निर्णय मानला नाही आणि त्याच परंपरेचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो: सहाव्या शतकातल्या कॉस्मस या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं आहे. हे आपलं कल्याण असावं असं अनेक अभ्यासक मानतात. चर्चचे अवशेष लांबलचक आणि निवांत आहेत. गटांच्या ठरलेल्या मार्गापासून ते बाजूला पडतात, त्यामुळे तिथे गर्दी नसते.

बंदर संपलं, मलेरिया आला, शहर ओस पडलं आणि लोक देवीच्या जुन्या परिसराकडेच, आयासुलुक टेकडीवर परतले. इथे संत योहानाचं थडगं मानलं जाई. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने त्यावर सहा घुमटांचं भव्य चर्च बांधलं. थडग्यातून वर येणारी पवित्र धूळ यात्रेकरू मातीच्या चिमुकल्या कुप्यांत भरून नेत. मग तुर्क आले. 1375 मध्ये आयदिनच्या इसा बेने टेकडीच्या पायथ्याशी मशीद बांधली. तिचा वास्तुकार दमास्कसचा. खांब एफेससच्या अवशेषांतले. आर्टेमिसच्या दलदलीत योग्य जागी उभं राहिलं की एकुलता खांब, मशीद, चर्च आणि किल्ला एका रेषेत दिसतात. सगळी पोस्टकार्डं हाच फोटो छापतात. त्यांना दोष देता येत नाही.

बुल्बुल डोंगरावरचं मेरीचं घर या यादीत सर्वांत ताजं. अंथरुणाला खिळलेली जर्मन जोगीण अ‍ॅना कॅथरिना एमरिक हिच्या दृष्टांतांवरून 1891 मध्ये इझमीरच्या पाद्र्यांनी ते शोधलं. चर्चने त्याच्या खरेखोटेपणावर निवाडा दिलेला नाही, पण 1967 पासून तीन पोप इथे येऊन गेले आहेत. जवळच्या गावातले ग्रीक ख्रिस्ती पूर्वीही 15 ऑगस्टला या जागी यात्रेला येत. 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीत त्यांना ग्रीसला जावं लागलं. आता कॅथलिकांबरोबर मुस्लीम बायकाही येतात, झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरतात आणि भिंतीवर चिंध्या, कागदी रुमाल बांधतात. कुराणातही मरियमच्या नावाची सुरा आहे. इतिहास म्हणून ही जागा मला पटत नाही; जागृत देवस्थान म्हणून ती सबंध एफेससहून जिवंत आहे.

सवड असेल तर अजून दक्षिणेला जावं. मेंदेरेस नदीने मिलेटस बंदराची तीच गत केली. ज्या लाडे बेटाजवळ पर्शियन आरमाराने ग्रीकांना हरवलं ते बेट आज कापसाच्या शेतातलं टेकाड आहे. पण मिलेटसकरांचं कौलाचं देवस्थान, दिदिमाचं अपोलोचं देऊळ, उंचावर असल्याने सुटलं. शेकडो वर्षं बांधकाम चालूनही ते कधीच पुरं झालं नाही. म्हणूनच एक दुर्मीळ गोष्ट टिकली. आतल्या चौकाच्या भिंतींना शेवटची घासणी झाली नाही, आणि गवंड्यांनी खांबांच्या फुगीर बाकाची मापं काढायला कोरलेल्या बारीक रेघा तशाच राहिल्या. 1979 मध्ये लोथर हाझेलबर्गर या जर्मन संशोधकाच्या नजरेला त्या पडेपर्यंत दोन हजारांवर वर्षं कोणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. भर दुपारी त्या दिसत नाहीत. ऊन तिरपं असताना जावं आणि भिंतीला गाल जवळजवळ टेकवून, आडव्या नजरेने शोधाव्यात.