कॉलेजच्या शर्यतीत चीन आणि आपण

मार्टिन ट्रो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये उच्च शिक्षणाचे तीन टप्पे मांडले. कॉलेजवयाच्या मुलांपैकी १५ टक्क्यांपर्यंत शिकत असतील तर ते मूठभरांचं, ५० पर्यंत बहुतांचं, त्यापुढे सर्वांचं.

चीनने हे टप्पे ज्या झपाट्याने गाठले, तो थक्क करणारा आहे. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली गाओकाओ ही प्रवेशपरीक्षा १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. बसले सुमारे ५७ लाख, प्रवेश मिळाला जेमतेम पावणेतीन लाखांना! १९९९ पासून सरकारने जागा धडाधड वाढवल्या आणि २०१९ मध्ये ५० टक्क्यांची रेषा ओलांडली. (पदवीधरांना नोकऱ्या कुठे, हा प्रश्न तिथेही आहेच.)

भारत २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात २८.४ टक्क्यांवर होता. ५० चं उद्दिष्ट २०३५ चं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पेकिंग विद्यापीठ १८९८ चं. तेव्हा उशिरा सुरुवातीची सबब आपल्याला नाही.

पण कॉलेजात किती मुलं आहेत, एवढंच मोजून भागत नाही. जर्मनीत कितीतरी मुलं कारखान्यात काम करता करताच व्यवसाय शिकतात. त्यांना मागे पडलेली म्हणणं मला पटत नाही.

आणि हो, अशी टक्केवारी वाचताना वयोगट जरूर तपासा: आपण १८ ते २३ धरतो, चीन १८ ते २२.