जेपीजीचं पीएनजी केलं म्हणून फोटो सुधारत नाही

लग्नपत्रिका छापायची असो, भरतीचा अर्ज भरायचा असो की दुकानाचा फ्लेक्स लावायचा असो, फोटोच्या फॉरमॅटचा प्रश्न आडवा येतोच. 'पीएनजी पाठवा, क्लिअर येतं', 'डीपीआय वाढवा', 'ओपन फाइल आहे का?' असे सल्ले आणि सवाल सुरू होतात. त्यातले काही बरोबर असतात, बरेचसे ऐकीव. चित्रात आहे काय आणि ते जाणार कुठे, एवढं पाहिलं तर फॉरमॅट निवडणं फारसं अवघड नाही.

गैरसमज : नावातलं .एचईआयसी खोडून .जेपीजी लिहिलं की फाइल बदलते.

वस्तुस्थिती : बदलतं ते फक्त नाव. आतली माहिती जशीच्या तशी राहते. प्रत्येक फॉरमॅटची ओळख फाइलच्या सुरुवातीच्या बाइट्समध्ये असते. पीएनजी फाइलमध्ये तर तिथे पी, एन, जी ही अक्षरंच लिहिलेली असतात. काही सॉफ्टवेअर नावाकडे न बघता ही ओळख वाचून फाइल उघडतात, त्यामुळे आपल्याला वाटतं, जमलं. अर्जाच्या वेबसाइटवर मात्र अशी फाइल अडकू शकते. खरं रूपांतर करायचं तर फोटो उघडून 'सेव्ह अ‍ॅज' किंवा 'एक्सपोर्ट' करावं लागतं. २०१७ पासून आयफोन एचईआयसीत फोटो साठवतो, कारण तोच फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत बसतो. नको असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, पुढचे फोटो जेपीजीतच येतील. आणि जेपीजी व जेपीईजी हे दोन वेगळे फॉरमॅट नाहीत. जुन्या डॉसमध्ये शेवटी तीनच अक्षरं चालत, म्हणून एक 'ई' गळला.

गैरसमज : जेपीजी नुसती उघडली किंवा कॉपी केली तरी दर वेळी खराब होते.

वस्तुस्थिती : हजारदा उघडा, पेन ड्राइव्हवर कॉपी करा, काही होत नाही. नुकसान होतं ते बदल करून पुन्हा सेव्ह करताना. १९९२ चं हे जेपीईजी तंत्र चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक तपशील ढोबळ करतं. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती सहसा आणखी कमी ठेवली जाते. एकदा सेव्ह केल्यावर हे सहसा दिसतही नाही. पण क्रॉप करून सेव्ह, मग उजेड वाढवून सेव्ह, मग नाव टाकून सेव्ह असं चाललं, की चौकोन डोकं वर काढतात. दर वेळी मूळ फाइलपासून सुरुवात करा.

गैरसमज : धूसर जेपीजीचं पीएनजी केलं की फोटो स्पष्ट होतो.

वस्तुस्थिती : पाणी घातलेलं दूध चांदीच्या भांड्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही. पीएनजी हातात आलेला प्रत्येक पिक्सेल इमानदारीने जपतं, पण त्यात जेपीजीने केलेले डागही आले. जे आधीच गेलं ते परत येत नाही; फाइल मात्र फुगते.

गैरसमज : पीएनजी केव्हाही सरस, म्हणून सगळं त्यातच ठेवावं.

वस्तुस्थिती : कॅमेऱ्याचा फोटो पीएनजीत ठेवला तर तो जेपीजीच्या कितीतरी पट जागा खातो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. पीएनजीचं खरं काम वेगळं. स्क्रीनशॉट, तक्ता, मजकुराची पाटी, पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो अशा ठिकाणी ते हवंच. मराठी मजकुराची जेपीजी मोठी करून पाहा. शिरोरेषेच्या वर-खाली राखाडी ठिपक्यांची भुकटी दिसेल, अनुस्वाराचं गोल टिंब चौकोनी मळकट डाग झालेलं असेल. पांढऱ्यावर काळी रेष असा तीव्र बदल जेपीजीला झेपत नाही. पीएनजीत तोच मजकूर स्वच्छ राहतो आणि सपाट रंगांमुळे फाइलही अनेकदा लहान होते. १९८७ चं जिफ याच कामाचं, पण त्यात २५६ रंगांची मर्यादा आहे. शिवाय त्याच्या तंत्रावरच्या पेटंटचा वाद निघाला, म्हणूनच १९९६ मध्ये पीएनजी पुढे आलं.

गैरसमज : अर्जाचा फोटो ५० केबीत बसवायचा म्हणजे क्वालिटी कमी करायची.

वस्तुस्थिती : आधी पिक्सेल कमी करा, मग क्वालिटीकडे वळा. हिशेब साधा आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल. प्रत्येकी तीन बाइट धरले तर कच्चा आकार ३६ एमबी. तो ५० केबीत कोंबायचा म्हणजे सातशे पटींहून जास्त दाबायचा. चेहऱ्याचं पीठ होणारच. तोच फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरच्या पासपोर्ट आकारात क्रॉप करून ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल केला, तर कच्चा आकार साडेसहाशे केबीच्या आसपास उरतो. आता तेरा पट दाबायचं, आणि तेवढं जेपीजी हसत हसत करतं.

गैरसमज : डीपीआय ३०० केलं की फोटो छपाईलायक होतो.

वस्तुस्थिती : पिक्सेल तेवढेच ठेवून नुसता आकडा बदलला, तर फाइलमधली एक नोंद बदलते, बाकी काही नाही. छपाईला पिक्सेल लागतात. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून छापला तर चार इंच होतो. त्याहून मोठा केला की पिक्सेल ताणले जातात. दुरून बघायच्या फ्लेक्सला बरंच कमी डीपीआय चालतं, पत्रिकेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होऊन पोचतं, म्हणून छपाईचा फोटो तिथून पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गैरसमज : लोगो कोरल ड्रॉच्या सीडीआरमध्ये किंवा पीडीएफमध्ये टाकला की ती ओपन फाइल झाली.

वस्तुस्थिती : कोरल ड्रॉच्या पानावर जेपीजी चिकटवली तरी ती जेपीजीच राहते. ओपन फाइलमध्ये रेषा आणि वळणं गणिताने लिहिलेली असतात, त्यामुळे तोच लोगो व्हिजिटिंग कार्डावर आणि वीस फुटी फलकावर सारखाच धारदार दिसतो. ओळखायचं कसं? स्क्रीनवर आठशे टक्के मोठं करा. कडेला पायऱ्या दिसल्या तर ते पिक्सेल आहेत. आणि मराठी मजकूर असेल तर छपाईला देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करून घ्या, नाहीतर प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं विस्कटतात.

थोडक्यात, कॅमेऱ्याच्या फोटोला जेपीजी. स्क्रीनशॉट, मजकूर आणि पारदर्शक चित्राला पीएनजी. लोगोला ओपन फाइल, म्हणजे एसव्हीजी, सीडीआर किंवा खरी रेषांची पीडीएफ. वेबसाइट चालवत असाल तर २०१० मध्ये गुगलने आणलेलं वेबपी वापरा, फाइल हलकी होते. मात्र ते सरकारी अर्जाला किंवा प्रेसला देऊ नका. आणि कोणताही फॉरमॅट निवडलात तरी कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा. मोठ्याचं लहान केव्हाही करता येतं, उलटं मात्र होत नाही.