‘फक्त कार्ब्युरेटरचा प्रॉब्लेम आहे’ : जुनी मोटारसायकल घेण्याआधी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर : जुनी जावा, येझदी, राजदूत किंवा बुलेट पाहावयास गेलेल्या ग्राहकाच्या कानी एक वाक्य हमखास पडते. ‘‘गाडी एकदम ओके आहे, फक्त कार्ब्युरेटर साफ करून घ्या.’’ हे वाक्य खरे असेल, तर काम तासाभराचे असते. खोटे असेल, तर पूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते आणि कधीकधी दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. ही दोन्ही दुखणी वरकरणी सारखीच दिसतात. गाडी मिसिंग करते, स्लोवर बंद पडते, पिकअप देत नाही. त्यामुळे सौदा करण्याआधी या वाक्याची परीक्षा कशी घ्यावी, हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

उल्हास नदीच्या काठाने आणि मध्य रेल्वेच्या मार्गालगत वसलेल्या या तीन शहरांत अशा गाडीसमोर आणखी दोन संकटे उभी राहतात. एक म्हणजे चार महिन्यांचा पाऊस आणि त्यातील दमट हवा. दुसरे म्हणजे पूर.

‘व्हिन्टेज’ कोणती आणि नुसती जुनी कोणती?

विक्रेते ‘व्हिन्टेज’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. कायद्याने मात्र त्याची व्याख्या केली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले आणि मूळ स्वरूपात जपलेले खासगी दुचाकी वा चारचाकी वाहनच व्हिन्टेज ठरते. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. मात्र असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा असते. ज्याला या गाडीवरून रोज स्टेशन गाठावयाचे आहे, त्याने व्हिन्टेज नोंदणीच्या मोहात न पडता नेहमीची नोंदणी चालू ठेवणेच श्रेयस्कर.

फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ मध्ये जावाचे उत्पादन सुरू केले. १९७३ पासून हीच गाडी येझदी या नावाने येऊ लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. यामाहाची आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातील. म्हणजेच साठीच्या दशकातील जावा आज व्हिन्टेज ठरू शकते. आरएक्स १०० कितीही दुर्मीळ झाली, किंमत कितीही चढली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती केवळ जुनी गाडी आहे.

आधी कागद, मग किक

या तिन्ही शहरांतील वाहनांची नोंदणी कल्याणच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, एमएच ०५ या क्रमांकाने होते. एमएच मालिका १९८९ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांवर ‘एम’पासून सुरू होणारी तीन अक्षरे दिसतात. १९८० सालची म्हणून सांगितलेल्या गाडीवर एमएच क्रमांक असेल, तर तिची नोंदणी मागाहून झाली आहे किंवा ती बाहेरून आणली आहे. यात गैर काहीच नसेल, पण कारण विचारून घ्यावे.

नोंदणी पुस्तकातील इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या वा पुटीच्या खुणा असतील, तर सौदा तेथेच थांबवावा. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो आणि उशीर झाला असल्यास विलंबशुल्क वाढत जाते. अनेक जुन्या गाड्यांची माहिती ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेलीच नसते. ती नोंद झाल्याशिवाय हस्तांतर होत नाही. हे काम विक्रेत्यानेच आधी करून द्यावे, ही अट घालावी. ‘‘कागद नंतर बघू’’ असे म्हणणाऱ्याची गाडी बहुधा भंगाराच्याच योग्यतेची असते.

पुराची खूण

२६ जुलै २००५ च्या महापुरात आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीने काठ सोडला. २०१९ मध्ये तर बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली होती. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, रंगवून पुढे विकल्या जाऊ शकतात. रंग नवा असला, तरी गाळ लपत नाही. हेडलाइटच्या आत, स्पीडोमीटरच्या काचेमागे, सीटखालच्या कोपऱ्यांत आणि वायरिंगच्या वेटोळ्यांत वाळलेल्या मातीची बारीक पूड सापडते. बुडालेल्या दुचाकीत पाणी कार्ब्युरेटरमार्गे क्रँकपर्यंत पोहोचलेले असते. तेव्हा गंजलेले बेअरिंग आज आवाज करत नसले, तरी उद्या करणारच.

थंड इंजिनाचा आग्रह

गाडी पाहावयास जाण्याआधी ‘‘मी येईपर्यंत चालू करू नका’’ असे सांगावे. पोहोचताच सिलिंडरवर हात ठेवून पाहावा. तो गरम असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. गरम इंजिन एका किकमध्ये सुरू होते; खरे दुखणे थंडपणी दिसते. किक हाताने दाबून पाहावी. ठाम विरोध जाणवला, तर कॉम्प्रेशन आहे. पाय सहज खाली गेला, तर रिंगा वा बोअर झिजल्याची शक्यता आहे आणि कार्ब्युरेटर कितीही साफ केला, तरी त्याचा उपयोग होणार नाही.

पेट्रोलच्या वाटेने चालावे

दोष शोधताना पेट्रोल ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने जावे. घाईघाईने कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवले, तर मूळ दोष राहतो बाजूला आणि त्यात नव्या दोषाची भर पडते.

पहिला टप्पा टाकीचा. आत टॉर्च मारून गंज पाहावा. टाकीच्या झाकणाला हवेसाठी सूक्ष्म छिद्र असते. ते बुजले, तर गाडी दोन-तीन किलोमीटर चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. अशा वेळी झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर कार्ब्युरेटर निर्दोष आहे.

दुसरा टप्पा पेट्रोल कॉकचा. नळी काढून बाटलीत पेट्रोल सोडावे. धार सलग हवी. ती थेंबथेंब येत असेल, तर कॉकची जाळी तुंबली आहे. बाटली काही वेळ स्थिर ठेवली, तर तळाशी पाणी आणि गंजही दिसून येतो.

तिसरा टप्पा ठिणगीचा. प्लग काढून इंजिनाला टेकवावा आणि किक मारावी. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग त्या छिद्रापासून दूर धरावा. ठिणगी निळसर आणि जोरकस हवी. पिवळी, क्षीण ठिणगी दिसली, तर कॉइल, कंडेन्सर किंवा पॉइंटकडे पाहावे. जुन्या जावात पॉइंटमधील अंतर ०.४ मिलिमीटर असावे लागते. कार्ब्युरेटरच्या माथी मारलेले कितीतरी मिसिंग प्रत्यक्षात पॉइंटचे असते.

चौथा टप्पा हवेचा. एअर फिल्टर तुंबला, तर मिश्रणात पेट्रोल जास्त होते. टू-स्ट्रोक गाड्यांत सायलेन्सर काजळीने कोंदला, तर पिकअप जातो. या चारही टप्प्यांत काही सापडले नाही, तरच कार्ब्युरेटर उघडावा.

कार्ब्युरेटर काय सांगतो?

या गाड्यांमधील कार्ब्युरेटरची रचना साधी आहे. खालच्या वाटीत फ्लोट तरंगतो आणि पेट्रोलची पातळी राखतो. स्लोवर पायलट जेट काम करतो. ॲक्सिलरेटर पाव ते पाऊण उघडला असताना स्लाइडला लटकलेली नीडल मिश्रण ठरवते. त्यापुढे मेन जेटचा अंमल सुरू होतो. म्हणून दोष नेमका कोणत्या वेळी जाणवतो, हे टिपून ठेवावे. स्लोवर बंद पडणारी आणि वेगात नीट धावणारी गाडी पायलट जेटकडे बोट दाखवते. बारवी धरणाच्या रस्त्याला चढावर पूर्ण रेस दिल्यावरच गुदमरणारी गाडी मेन जेटकडे किंवा पेट्रोलच्या अपुऱ्या पुरवठ्याकडे.

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सतत गळत असेल, तर फ्लोटची सुई बसत नाही किंवा फ्लोटला छिद्र पडले आहे. जुना पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले, तर फ्लोट बुडतो आहे. पेट्रोल काढून टाकून तो गरम पाण्यात बुडवला, की छिद्रातून बुडबुडे येतात.

जेट साफ करताना तार वा टाचणी कदापि घालू नये. जेटचे छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने पाडलेले असते. तारेने ते रुंदावले, की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा दाब एवढे पुरे. हे काम उघड्या जागेत, विडी-सिगारेट आणि देवघरातील दिव्यापासूनही दूर करावे.

जोडणी झाल्यावर एअर स्क्रू हलकेच पूर्ण बसवून सुमारे दीड फेरा उलटा फिरवावा आणि तेथून गरम इंजिनावर बारीक फरक करावा. मग काही किलोमीटर चालवून प्लग पाहावा. चॉकलेटी रंग म्हणजे मिश्रण योग्य, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि पांढरट रंग म्हणजे पेट्रोल कमी.

येथे वाक्य खोटे ठरते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते. क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात. ते झिजले, की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते. लक्षणे मात्र तुंबलेल्या पायलट जेटसारखीच दिसतात. म्हणून पुढील तीन खुणा लक्षात ठेवाव्यात.

पहिली, रेस सोडल्यावरही इंजिनाचा आवाज लगेच खाली येत नाही आणि स्लो कधी चढतो, कधी उतरतो. दुसरी, जेट साफ असूनही चोक ओढल्यावरच गाडी नीट चालते. तिसरी, गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतो, त्याला जळक्या गिअर ऑइलचा वास असतो आणि गिअर ऑइलची पातळी घटत जाते. क्लचच्या बाजूचे सील गेल्याची ही खूण होय. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधील पॅकिंगमधूनही हवा शिरू शकते. चालू गाडीत त्या सांध्यावर थोडे पाणी उडवल्यावर आवाज बदलला, तर दोष तेथे आहे आणि तो स्वस्तात सुटतो. काही गाड्यांत सील बाहेरूनही बदलता येते. परंतु क्रँकचे बेअरिंगच झिजले असेल, तर इंजिन पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

ही तपासणी टाळणे परवडणारे नाही. पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक इंजिन अतिशय तापते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावरील भर वाहतुकीत मागचे चाक एकाएकी अडकले, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

इथेनॉल आणि पाऊस

इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेलेल्या पेट्रोलची विक्री देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. साठ-सत्तरच्या दशकातील गाड्या या इंधनासाठी बनलेल्याच नाहीत. शुद्ध पेट्रोलला एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण साडेतेरा. त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ पडते आणि मेन जेट एक क्रमांक मोठा बसवावा लागू शकतो. जुने रबर इथेनॉलने फुगते वा तडकते, म्हणून पेट्रोलची नळी आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत.

इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. ओलावा वाढला, की पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि फ्लोटच्या वाटीत पांढरी बुरशीसारखी झर धरते. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि वाटी रिकामी करावी, टाकीत थोडे टू-टी ऑइल फिरवून घ्यावे. काही दिवसांचाच प्रश्न असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

२०२० मध्ये भारत स्टेज सहा मानके लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तो उघडून पाहिलेले हात पुढे कमीच होत जाणार. म्हणून ‘‘फक्त कार्ब्युरेटरचा प्रॉब्लेम आहे’’ असे कोणी म्हणाले, तर वाद घालू नये. ‘‘मग साफ करून चालवून दाखवा, उद्या सकाळी थंड इंजिनावर येतो,’’ एवढेच सांगावे. विक्रेता प्रामाणिक असेल, तर हो म्हणेल. नाही म्हणाला, तर इंजिन न उघडताच आतली स्थिती कळली असे समजावे.