डिपॉझिट किती घेता येते?

केंद्राच्या २०२१च्या आदर्श घरभाडे कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, दुकान-कार्यालयाला सहा महिन्यांची. पण तो राज्यांसाठी केवळ नमुना. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो. लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला त्यात कमाल मर्यादा नाही. समजा, अंधेरीत भाडे ४० हजार आहे. मर्यादा असती तर ८० हजारांत भागले असते. मालकाने सहा महिन्यांचे मागितले, तर २ लाख ४० हजार अडकतात. नव्या नोकरदाराला हे फार जड जाते. थकलेले भाडे, वीजबिल, मोडतोड ही मालकाची भीतीही खरीच. मात्र मुदतीनंतर घर अडवणाऱ्याकडून दुप्पट भरपाईची तरतूद कलम २४मध्ये आहे. कराराची नोंदणी ही मालकाची जबाबदारी. डिपॉझिटचा आकडा आणि परतीची अट त्यातच लिहून घ्यावी.