सुपरहिरो शिवायला किती कापड लागतं?

स्नेहसंमेलनाची सूचना शाळेच्या वहीत चिकटून घरी येते आणि त्याच संध्याकाळी मूल जाहीर करतं, ‘मी स्पायडरमॅन होणार!’ मग धावपळ सुरू होते. भाड्याच्या दुकानातला पोशाख एका दिवसासाठी महाग वाटतो आणि नेमका आपल्या मापाचा आधीच कुणीतरी नेलेला असतो. मॉलमधला तयार पोशाख दोन धुण्यांत विटतो. आणि घरी करायचं म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘असले पोशाख घरी होत नसतात.’

हा पहिला गैरसमज, आणि तो खुद्द सुपरहिरोंच्या गोष्टीच खोडून काढतात. सुपरमॅन 1938 साली अमेरिकेतल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. पुढच्या कॉमिक्सनी त्याच्या पोशाखाची जी हकिकत रचली, त्यात तो कुठल्या कारखान्यातून आलेला नाही. तान्हं बाळ ज्या पांघरुणांत गुंडाळून पृथ्वीवर आलं, तीच उसवून त्याच्या मानलेल्या आईनं, मार्था केंटनं, तो शिवला. 1962 साली आलेला स्पायडरमॅन म्हणजे काका-काकूंकडे वाढलेला, खिशात पैसे नसलेला शाळकरी पोरगा. त्यानं आपला पोशाख स्वतः शिवला. चादरींच्या गावानं, म्हणजे सोलापूरनं, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगायला हवी.

अर्थात म्हणून कुणी घरातली सोलापुरी चादर कापू नये. 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही जेकार्डची जाड वीण थंडीत अंगावर घ्यायला उत्तम, पण पोराच्या पाठीवर झूल म्हणून लावली तर ती खांदे मागे ओढते आणि वाऱ्यावर हलतही नाही.

‘हुबेहूब झाला नाही तर हसं होईल’ ही दुसरी भीती. प्रेक्षक तिसऱ्या रांगेत बसलेले असतात. तिथून दिसतात तीन गोष्टी: रंग, छातीवरचं चिन्ह आणि एकूण आकार. शिवणीच्या रेषा, कापडावरची खवल्यांची नक्षी, पट्ट्याचं बक्कल यांतलं काहीही तिथवर पोचत नाही. याचं सगळ्यात देखणं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही सोलापूरसारख्याच यंत्रमागांच्या गावात. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच मंडळींना घेऊन आधी ‘मालेगाव के शोले’ काढला आणि नंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक हा मागावर काम करणारा, काडीसारखा बारीक तरुण. तरी पडद्यावर तो आला की सुपरमॅन कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही. फैजा अहमद खान यांनी 2008 साली या खटाटोपावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि मालेगावचा सुपरमॅन जगभर पोचला. पोशाख करायला बसण्याआधी तो माहितीपट मुलांसोबत जरूर पाहावा.

शफीकमुळे आणखी एक समज आपोआप निकालात निघतो. पोशाखात फोमचे स्नायू भरलेच पाहिजेत, असं काही नाही. 1978च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह यानं असले भराव नाकारले होते. उलट 1989च्या ‘बॅटमॅन’मध्ये मायकेल कीटनला रबरी फोमचा जो पोशाख दिला, त्यात त्याला मान वळवता येत नव्हती, बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे. कोट्यवधींच्या चित्रपटाची ही गत, तर स्पंज कोंबलेल्या सदऱ्यात आठ वर्षांचं मूल नाचेल कसं?

खरी मेख आहे कापडात. ‘सोलापुरात कापडाला काय तोटा, कुठलंही चालेल’ असं वाटतं खरं. शाळेचे गणवेश शिवणारे शेकडो कारखाने या शहरात आहेत, कापणीतून उरलेले तुकडेही मुबलक. पण गणवेशाचं कापड विणलेलं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं. ते ताणलं जात नाही. त्याची अंगाला चिकटून बसणारी विजार शिवली, तर मूल पहिल्यांदा उकिडवं बसताच ती उसवते. अंगासरशी बसायला होजिअरीच हवी. ती शिवण्याच्या फंदात मात्र पडू नये. पूर्ण बाह्यांचा साधा टी-शर्ट आणि त्याच रंगाची लेगिंग, एवढ्यात निम्मा सुपरहिरो उभा राहतो.

गणवेशाचे तुकडे मग कामाला येतात ते पट्ट्याला, मनगटाच्या पट्ट्यांना आणि छातीवरच्या चिन्हाला. चिन्ह आधी वर्तमानपत्राच्या कागदावर कापावं, मुलाच्या छातीवर धरून दोन पावलं मागं जाऊन बघावं. बहुतेकांचं चिन्ह पहिल्यांदा लहानच होतं. आकार पसंत पडला की कापडाला मागून चिकटणारं बकरम इस्त्रीनं बसवावं, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत. मग कडेनं एक टीप.

झुलीसाठी साटीनच पाहिजे, हाही असाच एक समज. मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारं ब्लाउजचं अस्तर स्वस्त, हलकं आणि हव्या त्या लाल रंगात मिळतं. लेगिंग सोबत नेऊन रंग उजेडात ताडून घ्यावा. आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यापासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत साधारण 26-27 इंच भरतात, म्हणजे मीटरभर अस्तर पुरून उरतं. वरच्या कडेला चुण्या घालून ती खांद्यांच्या रुंदीइतकी आणावी आणि खालची कड दुमडून शिवावी. झूल गुडघ्याखाली नको, जिना चढताना पायात येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झूल गळ्याशी नाडीनं बांधायची, ही सवय धोक्याची आहे. मागून कुणी ओढली किंवा ती दाराच्या कडीत अडकली, तर नाडी थेट गळा आवळते. दोन्ही खांद्यांवर वेलक्रोचा एकेक तुकडा लावावा, झटका बसला की झूल सुटून येते. ‘द इन्क्रेडिबल्स’ या 2004च्या चित्रपटात सुपरहिरोंचे कपडे शिवणारी एडना झुलीला ठाम नकार देते, तो याच कारणासाठी.

रंगाबद्दलही लोक हमखास फसतात. जुनी पांढरी ट्रॅकपँट पुडीतल्या रंगात उकळली की निळी होईल, असं वाटतं. सुती असेल तर होते. पॉलिएस्टर मात्र सुती कापडाचा रंग धरतच नाही, त्याला वेगळा रंग आणि भरपूर उष्णता लागते. लेबल वाचल्याशिवाय पातेलं चुलीवर चढवू नये.

मुखवटे आणि ढालींसाठी थर्मोकोल स्वस्त म्हणून आणला जातो. त्यावर स्प्रेचा रंग मारला की रंगातल्या द्रावकानं तो जागोजागी विरघळून खड्डे पडतात. शिवाय मार्च 2018 पासून राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आहे. त्यापेक्षा आपल्या आज्या ज्यानं टोपल्या लिंपायच्या, तो कागदाचा आणि भिजवलेल्या मेथ्यांचा लगदा कितीतरी बरा. तो पालथ्या वाडग्यावर थापून दोन-तीन दिवस कडक वाळू द्यावा, वर साधा पोस्टर कलर. डोळ्यांची भोकं मात्र ऐसपैस हवीत, रंगमंचाची कड बाजूनंही दिसली पाहिजे.

सुती कापड पेटतं आणि कृत्रिम धाग्याचं पेटत नाही, असं समजणारेही आहेत. दोन्ही पेटतात. कृत्रिम धागा तर वितळून कातडीला चिकटतो. म्हणून पोशाख घातलेलं मूल समईपासून, फटाक्यांपासून आणि गॅसपासून लांबच ठेवावं.

आणि एक बोलणं मुलाशी करायचं. 1997 साली ‘शक्तिमान’ दूरदर्शनवर आला, तेव्हा मुलं त्याच्यासारख्या उड्या मारू पाहतील ही काळजी घरोघरी होती, आणि मुकेश खन्ना यांना मुलांना तसं करू नका म्हणून सांगावं लागलं होतं. झूल उडते, माणूस उडत नाही, हे पहिल्यांदा पोशाख चढवतानाच सांगावं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सगळा पोशाख घालून मुलाला अर्धा तास अंगणात मनसोक्त खेळू द्या. जिथं उसवेल, तिथं रात्री दुहेरी टीप मारा.